चराईवरील मेंढ्यांचा हंगामनिहाय आहार: यावल परिसर

यावल परिसरातील मेंढी वर्षभर चरूनच जगते. सर्व मेंढ्यांना बाराही महिने खुराक परवडत नाही, हे मान्य. पण मेंढा सोडण्याआधी आणि विण्याच्या सुमारास दिलेला थोडा खुराक कोकरे वाचवतो.

मे महिन्यात सातपुड्याच्या पायथ्याचे गवत संपते. त्याच सुमारास अंजनाला नवा पाला येतो, बाभळीच्या शेंगा मिळतात. त्यांचा उपयोग करा. पाला मालकीच्या झाडांचाच तोडा, कळप अभयारण्याच्या हद्दीत नेऊ नका. केळीच्या खोडावर मात्र विसंबू नका. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. पोट भरते, अंग भरत नाही.

पाऊस पडताच मेंढ्या माजावर येऊ लागतात. मेंढा सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक द्या. आंत्रविषाराची लस पावसाआधीच टोचून घ्या. ज्वारीचे कोवळे पीक व कापणीनंतरचे फुटवे विषारी असतात, तिथे कळप शिरू देऊ नका.

जून-जुलैत गाभण राहिलेली मेंढी पाच महिन्यांनी, नोव्हेंबर-डिसेंबरात विते. पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते आणि नेमके तेव्हाच गवत पिवळे पडून निकस होते. पोट मोठे दिसते म्हणून मेंढी धष्टपुष्ट वाटते, फसू नका. कमरेवर हात फिरवा. लोकरीखाली मणके टोचत असतील तर ती खंगली आहे. अशी मेंढी अशक्त कोकरू देते, तिला दूधही उतरत नाही. या दीड महिन्यात आणि विल्यानंतर दोन महिने रोज पाव किलो खुराक द्या. पैसे कमी असतील तर आधी हडकलेल्या मेंढ्या निवडा.

१०० किलो खुराकासाठी मक्याचा भरडा ५०, सरकी पेंड ३०, तूर चुनी १७, क्षार मिश्रण २ व मीठ १ किलो घ्या. क्षार मिश्रण मेंढ्यांसाठीचेच हवे. गायी-म्हशींच्या मिश्रणातले जास्तीचे तांबे मेंढीला बाधते.

रब्बीची शेते मोकळी झाली की कळप उपाशीपोटी आत सोडू नका. सांडलेला मका, गहू अधाशीपणे खाल्ल्यास पोटात आम्लता वाढून मेंढ्या दगावतात. आधी कडबा द्या, पहिल्या दिवशी अर्धा तासच चारा आणि मग रोज थोडी वेळ वाढवा.