अलिबागचा ९ आणि नीमेकचा ९ : रुब्रिकचा साचा आपल्या मापाचा करताना

पीएचडीला प्रवेश झाला की कोर्सवर्क, सिनॉप्सिस, प्रगती अहवाल यांची भीती सगळेच घालतात. एक काम मात्र कोणी आधी सांगत नाही. एके दिवशी गाइड म्हणतात, "एमएस्सी पार्ट वनच्या ऑनलाइन असाइनमेंट आल्यात, तेवढ्या तपासून टाक. आणि हो, रुब्रिक लाव." तुम्ही मूडल उघडता. तिथे साच्यावरून रुब्रिक तयार करायची सोय असते. नेटवर एखाद्या परदेशी विद्यापीठाचा चार निकष, चार पातळ्यांचा सुबक तक्ता मिळतो. तो चिकटवला की दहा मिनिटांत काम झाल्यासारखं वाटतं.

रुब्रिक म्हणजे साधा तक्ता. उभ्या बाजूला काय तपासायचं ते, आडव्या बाजूला किती चांगलं जमलंय ते, आणि प्रत्येक चौकोनात त्या पातळीचं वर्णन. प्रश्न असा की तयार साचा आपल्या वर्गासाठी वापरताना त्यातलं काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही? अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत यावर पुष्कळ सापडेल. मी शास्त्र शाखेतून आलेली, त्यामुळे मला याचं सगळ्यात पटणारं उदाहरण शिक्षणाच्या बाहेर दिसतं, तेही आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत.

तिकडे जाण्याआधी, रुब्रिकची गरज कुठून आली ते पटकन पाहू. १९१२ मध्ये अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांना पाठवल्या. १४२ शिक्षकांनी त्या तपासल्या. एका उत्तरपत्रिकेला १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले, दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. भाषेच्या पेपरात असं होणारच, असं तुम्ही म्हणाल. तसं म्हणणारे तेव्हाही होते. म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिला मिळालेले गुण २८ पासून ९२ पर्यंत! गणितात गुणांवरून वाद होत नाही, हा आपला शास्त्रवाल्यांचा समज तिथेच निकालात निघाला.

१९६१ मध्ये पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ परीक्षकांना दिले आणि ९ गठ्ठ्यांत लावायला सांगितले. निकष मुद्दामच दिले नव्हते. ९४ टक्के निबंधांना ९ पैकी किमान ७ वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. डीडरिक यांनी मग परीक्षक नक्की कशाकडे बघतात याचं सांख्यिकी विश्लेषण केलं. त्यातून विचार, मांडणी, शब्दयोजना, लेखनाची धाटणी आणि शुद्धलेखनासारख्या तांत्रिक बाबी असे पाच घटक वेगळे काढले. आज नेटवर मिळणारे बरेचसे साचे याच घराण्यातले आहेत.

आता अलिबाग. आधी एक घोळ मिटवते. मुंबईतलं कुलाबा वेगळं आणि अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला वेगळा. या किल्ल्यावरून आपल्या जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. गोष्ट सुरू होते ती मुंबईच्या कुलाब्यात. तिथली वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं सुरू झाली. २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद तिथल्या निरीक्षकांनी घेतली आहे. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला होता. आजही या विषयात काम करणारे त्या आकड्याकडे पुन्हा पुन्हा वळतात.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरू लागलं. ट्रामचा विद्युतप्रवाह जमिनीतून फिरणार आणि कुलाब्याचे संवेदनशील चुंबक सूर्याऐवजी ट्रामचीच हालचाल नोंदवत बसणार, हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी नवी जागा म्हणून अलिबाग निवडलं. मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला, समुद्राजवळ, ट्रामच्या आवाक्याबाहेर. इमारती अचुंबकीय साहित्यात बांधल्या आणि १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या.

मूस यांनी पुढे जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. अलिबाग सुरू झालं म्हणून त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापं चालू ठेवली. जागा बदलली की आकडे बदलणार, हे त्यांना माहीत होतं. किती बदलतात हे कळल्याशिवाय जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येणार नव्हती. विजेची ट्राम मुंबईत धावली ७ मे १९०७ ला, म्हणजे तोवर तुलना हातात होती. कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या काळातल्या नोंदी आणि त्यांचं विवेचन मूस यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलं. आज या वारशाचा सांभाळ भारतीय भूचुंबकत्व संस्था करते, तिचं मुख्यालयही रायगडातच, नवीन पनवेलला आहे.

इथवर मोजमाप झालं. श्रेणी देण्याचा प्रश्न यापुढे येतो. आजचा दिवस चुंबकीयदृष्ट्या शांत होता की खवळलेला, हे जगभरच्या वेधशाळांनी एकाच भाषेत कसं सांगायचं?

१९०६ पासूनची पद्धत अशी होती: प्रत्येक वेधशाळेने आपला आलेख बघून दिवसाला ०, १ किंवा २ असा अंक द्यायचा. शांत, मध्यम, खूप अस्वस्थ. हे अंक नेदरलँड्समधल्या डे बिल्टला जायचे आणि तिथे सरासरी निघायची. मध्यम कशाला म्हणायचं, हे मात्र बघणाऱ्याच्या नजरेवर. निकष न देता गठ्ठे लावायला सांगितलेल्या डीडरिकच्या परीक्षकांसारखंच. सरासरीमुळे थोडं भागायचं, पण एखाद्या एकट्या वेधशाळेचा १ म्हणजे नक्की काय, हे सांगता येत नव्हतं.

जर्मन भूभौतिकतज्ज्ञ युलियस बार्टेल्स यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी यावर के-निर्देशांक आणला. १९३९ मध्ये तो आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारला गेला. दिवसाचे तीन-तीन तासांचे आठ भाग, आणि प्रत्येक भागाला ० ते ९ पैकी एक अंक. त्या तीन तासांत क्षेत्रात किती चढउतार झाला, त्यावर अंक ठरतो. मूळ साचा पोट्सडॅमजवळच्या नीमेक वेधशाळेसाठी बनवला होता. (तीही वेधशाळा विजेच्या गाड्यांपासून पळत पळतच तिथे पोचलेली, हा योगायोग नाही.) तिथे ५ नॅनोटेस्लापर्यंतचा चढउतार म्हणजे ०, ७० पासून पुढे ५ हा अंक, आणि ५०० च्या वर गेला की ९.

आता हा तक्ता जसाच्या तसा अलिबागला लावला तर? ध्रुवीय भागाजवळ वादळाचे चढउतार मोठे असतात, आपल्याकडे बऱ्याच कमी. अलिबागला ३०० नॅनोटेस्लाचा चढउतार म्हणजे मोठंच वादळ, पण नीमेकच्या तक्त्यात त्याला ७ मिळेल. अलिबागच्या नोंदींत ९ जवळपास दिसणारच नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, काय शांत किनारा आहे!

बार्टेल्स यांनी हे आधीच ओळखलं होतं. प्रत्येक वेधशाळेने ९ ची खालची मर्यादा आपली आपण ठरवायची आणि बाकीच्या मर्यादा त्याच प्रमाणात घ्यायच्या. अलिबागसाठी ही मर्यादा ३०० आहे. त्यामुळे अलिबागला ० हा अंक ३ नॅनोटेस्लापर्यंत आणि ५ हा अंक ४० पासून. अलास्कात कॉलेज नावाच्या ठिकाणी (हो, गावाचंच नाव) वेधशाळा आहे, तिची मर्यादा २५००. तिथे ३०० च्या चढउताराला जेमतेम ४ मिळेल. मर्यादा निवडायची ती अशी, की त्या ठिकाणी मिळणारा ७ आणि नीमेकचा ७ यांचा अर्थ एकच राहील.

आता तुमचा साचा बघा. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या संघटनेने २००९ मध्ये व्हॅल्यू नावाचे रुब्रिक प्रसिद्ध केले. लेखन, चिकित्सक विचार, माहितीचा वापर अशा अनेक विषयांवरचे हे साचे जगभर उचलले जातात. त्यात १ ते ४ पातळ्या आहेत आणि ४ म्हणजे पदवी पूर्ण करताना अपेक्षित असलेली पातळी. हे साचे वैयक्तिक गुण देण्यासाठी नाहीत, आणि प्रत्येक संस्थेने ते आपल्या विषयाच्या, आपल्या परिसराच्या भाषेत उतरवावेत, असं त्यांच्यावरच लिहिलेलं असतं. आपण तेवढ्याच ओळी सोडून बाकी सगळं कॉपी करतो. मग पहिल्या सेमिस्टरच्या मुलीला १ किंवा २ मिळतो आणि त्याचं रूपांतर थेट टक्क्यांत होतं. नीमेकचा तक्ता अलिबागला लावला तो हा असा.

तेव्हा साच्यातले निकष सहसा तसेच ठेवा. पातळ्यांची वर्णनं मात्र तुमच्या असाइनमेंटवरून पुन्हा लिहा. "स्रोतांचा उत्कृष्ट वापर" असल्या वर्णनाला काही अर्थ नाही. "किमान तीन शोधनिबंध वाचलेले दिसतात आणि त्यातल्या दोघांचं कुठे जमत नाही ते सांगितलंय" असं लिहिलंत तर तुम्ही आणि तुमचा सहकारी दोघंही तोच चौकोन निवडाल.

बार्टेल्सच्या पद्धतीतली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. के-निर्देशांक काढताना सरळ चढउतार मोजत नाहीत. सूर्यामुळे वरच्या वातावरणात रोज प्रवाह वाहतात आणि वादळ नसतानाही दिवसा चुंबकीय क्षेत्र हळूच चढतं, उतरतं. अलिबागच्या आलेखात तर हा रोजचा फुगवटा ठळक दिसतो. तो आधी वजा करायचा आणि उरलेल्याला अंक द्यायचा. वादळाचा अंक रोजच्या लयीला द्यायचा नाही.

मुरूड, श्रीवर्धन, रोह्याकडून येणारी, मराठी माध्यमातून शिकलेली मुलं इंग्रजीत असाइनमेंट लिहितात तेव्हा त्यांच्या वाक्यांत एक ठरावीक लय असते. आर्टिकल गाळलेलं, काळ घसरलेला. हा त्यांचा रोजचा फुगवटा. भूरसायनाच्या असाइनमेंटमध्ये परदेशी साच्यातला "भाषिक शुद्धता, २५ टक्के" हा निकष तसाच ठेवलात, तर तुम्ही त्यांची शाळा मोजत बसता. वाक्याचा अर्थच बदलत असेल तर गुण जरूर कापा, तो अडथळा खराच आहे. पण संशोधन-लेखनाच्या कोर्सला हाच निकष लागू पडेल, तिथे भाषा हाच विषय आहे.

तक्ता कितीही चांगला असला तरी तो वाचणारे डोळे वेगवेगळे असतात. के-निर्देशांकाचंही तेच झालं. रोजची लय नेमकी कोणती, हे निरीक्षकाने हाताने ठरवायचं होतं, आणि तिथे मतं पडायची. म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-नोएल मायो यांनी १९६७ मध्ये खऱ्या आलेखांचा संग्रहच काढला: हे बघा, असा आलेख असेल तर अशी लय धरा आणि असा अंक द्या. रुब्रिकसोबत मागच्या वर्षीच्या दोन-तीन असाइनमेंट, नावं काढून, शेऱ्यांसकट ठेवल्यात तर तुमच्या वर्गापुरता असा संग्रह तयार होतो. विद्यार्थ्यांनाही तो आधीच दाखवा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

इथे एक ठिकाणी मात्र वेधशाळेचं अनुकरण करू नका. बार्टेल्स यांनी मर्यादा अशा बसवल्या की दीर्घकाळात प्रत्येक ठिकाणी अंकांचं वाटप साधारण सारखं पडेल. वादळं सगळ्या पृथ्वीवर एकाच सूर्याकडून येतात, म्हणून ते चालतं. वर्गात "इतक्या जणांना वरची पातळी, इतक्यांना खालची" असं आधीच ठरवणं याच्याशी मिळतंजुळतं दिसतं, पण त्याला आधार नाही. वीसच्या वीस जणांनी चांगलं लिहिलं असेल तर वीसही जणांना वरची पातळी मिळू द्या.

आणि मूडलवाल्यांसाठी एक हिशेब. पातळ्यांना १, २, ३, ४ गुण देऊन चार निकष ठेवलेत, तर सगळीकडे २ मिळालेल्या विद्यार्थ्याची बेरीज होते १६ पैकी ८. तुम्हाला वाटतं ५० टक्के. रुब्रिकच्या एका सेटिंगनुसार मात्र मूडल सगळ्यात कमी शक्य बेरीज, म्हणजे ४, शून्य धरतं. मग हिशेब होतो १२ पैकी ४, म्हणजे ३३ टक्के. बऱ्याच ठिकाणी ४० ला पास असतं. सेटिंग बदला, किंवा सगळ्यात खालच्या पातळीला ० द्या आणि तिचं वर्णन त्याला शोभेल असं लिहा.

साचा बदलल्यावर लगेच चालू वर्षाला लावू नका. मागच्या वर्षीच्या दहा असाइनमेंट घ्या, जुन्या आणि नव्या दोन्ही रुब्रिकने तपासा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या स्कॉलरकडूनही तपासून घ्या. मूस यांना दोन वर्षं लागली, तुम्हाला एक दुपार पुरेल. कुठला निकष किती सरकला ते कागदावर लिहून ठेवा आणि फाइलच्या नावात वर्ष घाला, म्हणजे पुढच्या बॅचला तपासायला बसणाऱ्याला कळेल की त्याच्या हातातला तक्ता कधीचा आणि कुठल्या वर्गासाठी केलेला आहे.