शिक्का आणि मोर्तब

आमच्या मुर्रीचीं मुलें चिकटवहींत रबरी ठसे उमटवितात. कोरी जागा दिसली कीं ठसा! शिवकालीन पत्रांत मात्र ठशाची जागा ठरलेली असे. २८ जानेवारी १६४६ च्या, रांझ्याच्या पाटलाविषयींच्या पत्रावर महाराजांची अष्टकोनी मुद्रा माथ्यावर आहे. मजकूर संपतांच मोर्तब करीत. त्यापुढें कोणास एक अक्षरही वाढवितां येऊं नये, हा हेतु. पेशव्यांच्या मोर्तबांत तर ‘लेखनसीमा’ हाच शब्द कोरलेला! लांब पत्रास कागदाचे बंद एकाखालीं एक चिकटवीत आणि सांध्यावर पाठीमागून ठसा मारीत. मधला बंद कोणी लबाडीनें बदललाच, तर तुटलेला ठसा जुळेना. केवढी ही सावधगिरी! आपण आजही ‘शिक्कामोर्तब झालें’ म्हणतों, तें याच जोडीवरून.