क्षयाचा शोध आणि नमुन्याची निवड

शितावरून भाताची परीक्षा करावी, ही म्हण मराठी घरांत इतकी रुळलेली आहे की, तिच्या पोटात दडलेली अट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भांड्यातील सारा भात एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर शिजलेला असतो. म्हणूनच चार शिते चेपून पाहिली तरी सगळ्या भाताची पारख होते. माणसांच्या समाजाचे तसे नाही. त्यात शहरे आहेत आणि खेडी आहेत, श्रीमंत आहेत आणि मोलमजुरी करणारे आहेत. डॉक्टरच्या दारी येणारे आहेत, तसे उंबरठ्याआडच खोकत राहणारेही आहेत. अशा समाजाची परीक्षा थोड्या माणसांवरून करावयाची, तर ती थोडी माणसे कोणती, हा प्रश्न जिवाच्या मोलाचा ठरतो. भारतातील क्षयरोगाच्या इतिहासात तो अक्षरशः तसा ठरला, आणि त्याचे उत्तर पुष्कळ अंशी बंगळूर आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत शोधले गेले.

रॉबर्ट कॉख याने १८८२ साली क्षयाचे जंतू शोधून काढले. त्यानंतर सत्तर वर्षांनीही भारतात या रोगाचे रुग्ण किती, याचा विश्वासार्ह आकडा कोणापाशी नव्हता. होती ती आरोग्यधामांची आणि रुग्णालयांची दप्तरे. पाचगणीची थंड हवा, मिरजेजवळील वानलेसवाडीचे आरोग्यधाम, आंध्रातील मदनपल्ली अशा ठिकाणी रोगी येत. त्यांची नोंद होई, आणि त्या नोंदींवरून साऱ्या रोगाचे चित्र मनात उभे राही. क्षय हा दाट वस्तीचा, गिरण्यांच्या धुराचा, कोंदट चाळींचा रोग आहे आणि मोकळ्या हवेत राहणारा खेडूत त्यापासून बराचसा सुरक्षित आहे, असा समज त्यातून दृढ झाला. या समजात खोटे बोलणारा कोणी नव्हता. दोष होता तो निवडीचा. दवाखान्यापर्यंत पोहोचण्याइतका पैसा, वेळ आणि धीर ज्यांच्यापाशी होता, तेवढेच त्या वह्यांत उतरले होते.

मोजक्या घटकांवरून समष्टीविषयी अनुमान काढण्याचे शास्त्र तेव्हा फारसे जुने नव्हते. नॉर्वेच्या किएर यांनी १८९५ साली बर्न येथे जमलेल्या संख्याशास्त्रज्ञांपुढे प्रातिनिधिक पाहणीची कल्पना मांडली, तेव्हा शिरगणतीवाचून सत्य कळेल यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही. पुढे १९३४ साली लंडनमध्ये जेर्झी नेमन यांनी या कल्पनेला गणिताचा पक्का पाया दिला. जाणकाराने आपल्या बुद्धीने वेचलेल्या नमुन्यापेक्षा, चिठ्ठ्या टाकून, म्हणजेच यादृच्छिक रीतीने निवडलेला नमुना अधिक भरवशाचा, हे त्यांनी दाखवून दिले. कारण अशा नमुन्यातील चूक किती असू शकेल, याचेही गणित मांडता येते.

त्याच काळात नेमन यांच्या सहवासात एक मराठी तरुण शिकत होता. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेले होते. स्वदेशी परतल्यावर त्यांनी पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी हे शास्त्र शेताच्या बांधावर आणले. शेतातील फार लहान तुकडा कापून उत्पन्न मोजले, तर कडेवरची रोपे आत धरली जातात आणि अंदाज फुगतो, असे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. तिकडे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी तागाच्या पिकाच्या नमुना पाहण्या केल्या होत्या, आणि १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणीचा आरंभ झाला. लहान तुकड्याच्या प्रश्नावर या दोन थोर पुरुषांत मतभेद झाले. परंतु त्या वादातून देशाला एक धडा मिळाला. नमुना लहान असल्याने जेवढे बिघडते, त्याहून कितीतरी अधिक तो एका बाजूला कलल्याने बिघडते.

हा धडा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने क्षयरोगाला लावला. १९५५ ते १९५८ या काळात देशाच्या सहा विभागांत शहरे, गावे आणि खेडी नमुन्यादाखल निवडण्यात आली. क्ष-किरणांची फिरती यंत्रे घेऊन पथके तेथे गेली. रोगी दाराशी येण्याची वाट न पाहता, निवडलेल्या वस्तीतील धडधाकट दिसणाऱ्या माणसांच्याही छातीची चित्रे घेण्यात आली. निष्कर्ष बाहेर आला तेव्हा जुना समज कोसळून पडला. शंभरांत सुमारे दीड माणसाच्या फुप्फुसात रोगाची सक्रिय छाया होती, हजारी चारांच्या आसपास माणसांच्या थुंकीत जंतू होते, आणि खेड्यांतील प्रमाण शहरांतल्याइतकेच होते. देशातील बहुसंख्य लोक खेड्यांत राहत असल्यामुळे बहुसंख्य क्षयरोगीही खेड्यांतच होते; आरोग्यधामांच्या दप्तरांना त्यांचा पत्ता नव्हता.

या शोधाच्या पाठोपाठ १९५९ साली बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली, आणि १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य तिला होते. देशभर चालवता येईल अशी उपचारांची योजना आखणे हे तिचे काम. त्यासाठी तिने शेजारच्या तुमकूर जिल्ह्यात पाहणी हाती घेतली.

कागदावर सोपी वाटणारी निवड गावात गेल्यावर किती अवघड होते, हे अशा पाहणीत कळते. प्रथम साऱ्या खेड्यांची यादी हवी. त्या यादीतून गावे निवडावयाची ती कोणाच्या सोयीने नव्हे, तर यादृच्छिक अंकांनी. चिठ्ठी निघाली की, रस्ता नसलेले गावही टाळता येत नाही. मग घरोघर जाऊन प्रत्येक माणसाची नोंद करावयाची. कोणी शेतावर गेलेले असते, कोणी आठवड्याच्या बाजाराला, कोणी सासरी. जे घरी भेटले तेवढेच तपासले, तर अंथरुणाला खिळलेले अधिक आणि राबते हात कमी असा नमुना हाती येतो. म्हणून न भेटलेल्यासाठी पुन्हा फेरी मारणे, हा या शास्त्रातील कंटाळवाणा परंतु खरा धर्म होय.

तुमकूरच्या या पाहणीत ज्यांच्या छातीत छाया आढळल्या, त्यांच्याकडे देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन हे समाजशास्त्रीय चौकशीसाठी गेले. त्यांचा अहवाल १९६३ साली प्रसिद्ध झाला. खेडूत अडाणी असतो, त्याला आपल्या दुखण्याची जाणीव नसते, असे सुशिक्षितांचे गृहीत होते. प्रत्यक्षात थुंकीत जंतू असलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण आपण होऊन सरकारी दवाखान्याचे दार ठोठावून आले होते, आणि त्यांतील बहुतेकांची खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन बोळवण झाली होती. अज्ञान रोग्याच्या घरात होते त्याहून अधिक दवाखान्यात होते. १९६२ सालच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची उभारणी याच जाणिवेवर झाली: नवी आरोग्यधामे बांधीत बसण्यापेक्षा, खोकला घेऊन साध्या दवाखान्यात आलेल्या माणसाची थुंकी तेथेच तपासावी आणि घरीच उपचार द्यावेत.

याच संस्थेने १९६१ ते १९६८ या काळात बंगळूर जिल्ह्याच्या तीन तालुक्यांतील ११९ खेडी यादृच्छिक रीतीने निवडून त्यांची चार वेळा पाहणी केली. तीच गावे, तीच घरे, तीच माणसे. पहिल्या फेरीत थुंकीत जंतू आढळलेल्या रुग्णांचे पाच वर्षांत काय झाले, याचा हिशेब जगातील वैद्यकाला या खेड्यांनी दिला. शंभरांपैकी सुमारे ४९ मरण पावले, १८ जणांच्या थुंकीत जंतू तसेच राहिले, आणि ३३ जण जंतुमुक्त झाले.

या आकड्यांपाशी क्षणभर थांबावयास हवे. त्या गावांत तेव्हा क्षयनियंत्रणाची संघटित मोहीम नव्हती, म्हणूनच रोगाची नैसर्गिक गती मोजता आली. औषधे उपलब्ध झालेल्या काळात ही गती केवळ पाहत राहावी काय, हा प्रश्न आजच्या संशोधन-नीतीला टाळता येणार नाही. ज्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली, त्यांनी साऱ्या देशाच्या वतीने साक्ष दिली. त्या साक्षीची किंमतही त्यांतील काहींनी मोजली. नमुन्यात आलेला माणूस हा शेवटी शीत नव्हे. चेपून पाहिल्यावर त्याला बाजूला टाकता येत नाही.

पुढे २०१९ ते २०२१ या काळात देशभर पुन्हा मोठी पाहणी झाली. पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांत दर लाखामागे ३१६ जणांना जंतुसिद्ध फुप्फुसाचा क्षय असल्याचे तिने दाखविले. क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी ६३.६ टक्के लोकांनी आरोग्यसेवेची मदत घेतली नव्हती, असेही तिच्यात आढळले. हे लोक कोणत्याही दवाखान्याच्या वहीत सापडले नसते. ते सापडले, कारण पथक त्यांच्या दारी गेले. समाजाचे सत्य जाणून घ्यावयाचे, तर जे समोर येतात त्यांना मोजून भागत नाही. जे येत नाहीत त्यांच्याकडे जावे लागते. नमुना निवडण्याच्या साऱ्या गणिताचे सार एवढेच आहे, आणि बंगळूरभोवतीच्या खेड्यांनी ते देशाला शिकविले.