फणेरपेटीतलं कुंकू

वाशी-बेलापूरच्या घरांत आता आरशाच्या कडेला टिकल्या चिकटवलेल्या दिसतात. आपल्या पणज्यांकडे असायची फणेरपेटी. लाकडी पेटी, झाकणाला आतून आरसा, कप्प्यांत फणी, काजळाची डबी, कुंकवाचा करंडा आणि मेण. आधी कपाळावर बोटाने मेणाचा गोल लावायचा, मग त्यावर कोरडं कुंकू दाबायचं. घामातही ते टिके. आणि कुंकू म्हणजे मूळची हळदच बरं का! लिंबाचा रस आणि टाकणखार यांत मुरली की ती लाल होई; मग वाळवून कुटायची.

पण नवरा गेला की ही पेटी बंद. काही जातींत तर केशवपन, म्हणजे फणीचंही काम संपलं. याविरुद्ध कोण उभं राहिलं? १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी संप केला, विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही म्हणून. ज्यांची त्यात मिळकत होती, त्यांनीच! मला हे फार मोठं वाटतं.

कुंकू पुसणं मात्र चालूच राहिलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ते थांबवण्याचा ठराव केला, तो थेट मे २०२२ मध्ये.