भूदासांचा इतिहासकार : पॉल विनोग्राडॉफ

इंग्लंडच्या कायद्याचा इतिहास म्हटला की पहिले नाव निघते मेटलंडचे. त्याच्या जोडीने ज्यांचे नाव घ्यायला हवे ते पॉल विनोग्राडॉफ मात्र चक्क रशियन! आज त्यांच्याविषयी थोडेसे.

त्यांचा जन्म १८५४ चा, कोस्त्रोमा गावचा. वडील शिक्षक. १८६१ साली झारने भूदासांना मुक्त केले, तेव्हा हे सहा वर्षांचे होते. शेतकरी कागदोपत्री मोकळा झाला, पण जमिनीसाठी त्याला वर्षानुवर्षे हप्ते भरावे लागले. कायद्याने मिळालेले स्वातंत्र्य आणि प्रत्यक्षातले जगणे यांतले हे अंतर विनोग्राडॉफ यांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते.

मॉस्को आणि बर्लिनला शिकून १८८३ साली ते इंग्लंडला गेले. ब्रिटिश म्युझियममध्ये तेराव्या शतकातल्या खटल्यांच्या नोंदींचे एक हस्तलिखित त्यांच्या हाती लागले. ब्रॅक्टन या जुन्या कायदेपंडिताने आपल्या ग्रंथासाठी वापरलेली हीच वही, असे त्यांनी १८८४ साली जाहीर केले. पुढे १८८७ मध्ये मेटलंडने ती तीन खंडांत छापली. शोध एकाचा, संपादन दुसऱ्याचे, आणि मैत्री मात्र कायमची!

त्यांचा इंग्लंडमधील भूदासांवरचा इंग्रजी ग्रंथ १८९२ चा. जुना कायदा म्हणे, उद्या कोणते काम पडेल हे भूदासाला आदल्या रात्रीही ठाऊक नसते. पण जमीनदारांच्या दफ्तरांत आठवड्याचे किती दिवस राबायचे, काय द्यायचे, हे सारे ठरलेले! कायद्याने नाकारलेले संरक्षण गावच्या वहिवाटीने थोडेफार दिले होते. रशियातला शेतकरी जवळून पाहिलेल्या माणसाला हे चटकन उमगले, यात नवल ते काय?

हे गृहस्थ नुसते पुस्तकात रमणारे नव्हते. त्यांनी शाळांसाठी जगाच्या इतिहासाचे पाठ्यपुस्तक लिहिले, मॉस्को शहराच्या प्राथमिक शिक्षणात लक्ष घातले. विद्यापीठात सरकारचा हस्तक्षेप वाढला तेव्हा १९०१ साली सरळ राजीनामा देऊन देश सोडला. १९०३ मध्ये ऑक्सफर्डने त्यांना न्यायशास्त्राचे प्राध्यापक केले. या पदाचे पहिले मानकरी हेन्री मेन, म्हणजे १८६० च्या दशकात कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायद्याचे सभासद असलेले तेच. १९२५ साली पॅरिसमध्ये विनोग्राडॉफ वारले.

नोकरी टिकवायची तर गप्प बसावे, असा सल्ला त्यांनाही कोणीतरी दिलाच असेल. पण दुसऱ्यांच्या गुलामगिरीचा इतिहास आयुष्यभर लिहिणाऱ्याने स्वतःच्या मानेवर जू कसे घ्यावे? असो. इतिहासाच्या मास्तरांनी तरी हा माणूस विसरू नये, एवढेच.