छिन्न हस्ताचें पुनःसंधान

इसवी सन १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकांत पुण्याकडील एका शस्त्रक्रियेची हकीकत प्रसिद्ध झाली. कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धांत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हांकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हातीं सांपडला आणि टिपूनें त्याचें नाक व एक हात तोडविला. पुढें सुमारें एक वर्षानें पुण्याजवळच्या एका वीटकरी जातीच्या माणसानें कपाळाची कातडी खालीं वळवून त्याला नवें नाक करून दिलें. या हकीकतीचा परिणाम असा कीं, लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं तीच क्रिया तेथें करून दाखविली. हा प्रसंग आपण अभिमानानें सांगतों, व तो अभिमान रास्तच आहे. मात्र त्या भरांत एक गोष्ट नजरेआड होते. कावसजीला नाक मिळालें. हात मिळाला नाहीं.

असें कां व्हावें? त्या अनामिक कारागिराचें सारें कौशल्य एका गोष्टींत होतें. त्यानें कपाळाची कातडी सर्व बाजूंनीं सोडविली नाहीं. भुंवयांच्या मध्यें एक अरुंद पूल राखला. त्या पुलावरून रक्त येत राहिलें, म्हणून कातडी जगली. शरीरापासून समूळ तुटलेल्या हाताला असा पूल नसतो. तेथें रक्तवाहिन्याच पुन्हां जोडाव्या लागतात, आणि ती विद्या तेव्हां पृथ्वीच्या पाठीवर कोणासच अवगत नव्हती.

ती अवगत होण्यास एक राजकीय खून निमित्त झाला. १८९४ च्या जून महिन्यांत फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांना लियों शहरांत एका मारेकऱ्यानें सुरा भोसकला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली. ती शिवण्याची रीत ठाऊक नसल्यामुळें अध्यक्षांचा अंत झाला. त्याच शहरांत अलेक्सी कारेल हा तरुण वैद्यक शिकत होता. ही गोष्ट त्याच्या मनास इतकी लागली कीं, कशिदा काढणाऱ्या एका बाईकडे जाऊन त्यानें बारीक सुईचें काम शिकून घेतलें! नळीची गोल कड शिवतांना टांका समोरच्या बाजूस अडकतो, ही अडचण कोणताही शिंपी सांगेल. कारेलनें कडेवर तीन ठिकाणीं टांके घालून ते ताणले. गोल तोंड त्रिकोणी झालें आणि प्रत्येक बाजू सरळ शिवतां येऊं लागली. ही युक्ति त्यानें १९०२ सालीं प्रसिद्ध केली. १९१२ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

तरीही माणसाचा तुटलेला हात जोडला जाण्यास आणखी साठ वर्षें लागलीं. रक्त गोठूं न देणारें हेपारिन व जखम पिकूं न देणारें पेनिसिलिन हातीं आलें. कोरियाच्या युद्धांत (१९५०–५३) सैनिकांच्या फाटलेल्या धमन्या शिवण्याचा सराव झाला. मग २३ मे १९६२ रोजीं अमेरिकेंत बोस्टनजवळ बारा वर्षांचा एक मुलगा चालत्या मालगाडीवर चढूं गेला आणि त्याचा उजवा हात खांद्याखालीं तुटला. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्यें रोनाल्ड माल्ट या तरुण शस्त्रवैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं रक्तवाहिन्या जोडल्या. पांढराफटक पडलेला हात गुलाबी झाला, मनगटावर नाडी लागली. वर्तमानपत्रांच्या दृष्टीनें कथा येथें संपली.

वास्तविक ती येथें सुरू होते. त्या दिवशीं ज्ञानतंतू जोडलेच नव्हते; ते सप्टेंबरमध्यें जोडले गेले. आणि ज्ञानतंतू जोडणें म्हणजे तुटलेली तार जोडणें नव्हे. ऑगस्टस वॉलरनें १८५० सालींच दाखविलें होतें कीं, कापलेल्या तंतूचा पलीकडचा भाग मरून जातो. अलीकडच्या टोंकापासून नवा अंकुर फुटून त्यानें रिकाम्या वाटेनें पुढें जावयाचें. वेग दिवसास सुमारें एक मिलिमीटर. खांद्यापासून बोटांपर्यंत साठ सेंटिमीटर धरले तर सहाशें दिवस! तोंवर तळहाताचे बारीक स्नायू वाळून जातात, आणि वर्षदीड वर्षानंतर तंतू पोंचला तरी ते सहसा जागे होत नाहींत. त्या मुलाचा हात पुढें कामाचा झाला, वजनही उचलूं लागला. पण तें कित्येक वर्षांनीं, आणखी शस्त्रक्रिया व अखंड व्यायाम झाल्यावर.

याच्याशीं शांघायची गोष्ट ताडून पाहावी. जानेवारी १९६३ मध्यें एका कामगाराचा उजवा हात मनगटाच्या वर यंत्रांत तुटला. चेन झोंगवेई व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो जोडला, आणि तो मनुष्य आपल्या कारखान्यांत पुन्हां कामास लागला. बोटें मिटविणारे मोठे स्नायू कोपराखालीं असतात. ते याच्या शरीराकडेच शाबूत राहिले होते, त्यांच्या दोऱ्या तेवढ्या सांधावयाच्या होत्या. तंतूंनाही वीतभरच वाट चालावयाची होती. दोन शस्त्रवैद्यांच्या कौशल्याची तुलना करणारांनीं हा भेद ध्यानांत घेतला नाहीं, तर ती तुलना व्यर्थ होय. १९६५ सालीं जपानांत नारा येथें कोमात्सु व तामाई यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं तुटलेला आंगठा जोडला, तेव्हां मिलिमीटरभर जाडीच्या रक्तवाहिन्याही आटोक्यांत आल्या.

आपल्या खेड्यांत हात जातो तो बहुधा उसाच्या चरकांत, मळणीयंत्रांत किंवा कडबा कापण्याच्या यंत्रांत. कडब्याच्या पात्यानें निदान कांहीं वेळां स्वच्छ कापला जातो. चरक चिरडतो, मळणीयंत्र ओरबाडतें, तंतू मुळापासून उपटले जातात. दंडाचा भाग तुटला असेल तर स्नायू रक्तावांचून सुमारें सहा तासच तग धरतात. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या फडक्यांत गुंडाळून, पिशवींत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवून न्यावी. बर्फ थेट लावूं नये. इतकें सारें करूनही शस्त्रवैद्य कधीं कधीं हात जोडण्यास नकार देतो आणि नातलग संतापतात. संवेदना नाहीं, हालचाल नाहीं, असा जड हात जन्मभर गळ्यांत बांधून हिंडण्यापेक्षां खालची जखम नीट बरी होणें त्याला अधिक हिताचें वाटतें. माझ्या मतें त्या नकारालाही धैर्य लागतें.

ज्यांचा हात जोडला जातो त्यांचा दिनक्रम मात्र एकच: चांगल्या हातानें दुसऱ्याचें एकेक बोट रोज मिटावयाचें व उघडावयाचें. पहिल्या महायुद्धांतील जखमी सैनिक तपासतांना झ्यूल टिनेल या फ्रेंच वैद्यानें १९१५ सालीं एक खूण नोंदली होती. ती आजही वापरतात. तंतूच्या वाटेवर हलकेंच टिचकी मारावयाची. जेथवर अंकुर पोंचला असेल तेथें मुंग्या येतात. ती जागा शाईनें टिंबून ठेवतात, आणि पुढच्या महिन्यांत टिंब तीनएक सेंटिमीटर खालीं उतरलें आहे कीं नाहीं तें पाहतात.