अभ्यंगाचे तेल

नरक चतुर्दशीच्या पहाटे अंगाला लावावयाचे सुगंधी तेल आज आपण दुकानातून आणतो. उटण्याची पुडीही त्याच पिशवीत पडते. काही पिढ्यांपूर्वी हे तेल पुष्कळ घरी होत असे. ते घरात कसे होत असे आणि घरातून का गेले, हा प्रश्न इतिहासाचा आहे असे सहसा कोणास वाटत नाही. राजांच्या लढायांची टिपणे आपण जपली, न्हाणीघराची जपली नाहीत. सुदैवाने संस्कृत ग्रंथकारांनी हा विषय हलका मानला नव्हता.

सहाव्या शतकातील वराहमिहिराची 'बृहत्संहिता' आपण ज्योतिषाचा ग्रंथ म्हणून ओळखतो. तिच्यात 'गंधयुक्ति' नावाचा एक अध्यायच आहे. त्यात एका तेलाची कृती आहे : मंजिष्ठा, व्याघ्रनख, दालचिनी, कोष्ठ इत्यादींचे चूर्ण तेलात घालून ते उन्हात तापवावे, म्हणजे तेलास चाफ्याचा वास येतो. गंमत अशी की, ह्या कृतीत चाफ्याचे फूल मुळीच नाही! व्याघ्रनख म्हणजे वाघाचे नख नव्हे. समुद्रातल्या गोगलगाईच्या शिंपेवरचे ते झाकण, ज्याला आपले काष्ठौषधीवाले 'नखला' म्हणतात. त्याच अध्यायात सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० प्रकार होतात, असा हिशेबही आहे. सुगंधाच्या निमित्ताने गणित करणारा हा पुरुष अत्तरविक्याला किती उपयोगी पडला असेल ते सांगता येत नाही, पण गणिताच्या इतिहासकारांना तो फार उपयोगी पडला आहे.

आपल्या अधिक जवळचा पुरावा कल्याणीच्या चालुक्यांचा. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तेथील तिसऱ्या सोमेश्वराने सुमारे ११२९ साली रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाने स्नान कसे करावे ह्यावर 'स्नानभोग' हे स्वतंत्र प्रकरण आहे. अभ्यंगाचे तेल केतकी, चंपक अशा फुलांनी वासलेल्या तिळांचे असावे, असे त्यात आहे. येथे नीट लक्ष द्यावयास हवे. तेलात फुले घालावयाची नाहीत. तिळांनाच फुलांचा वास द्यावयाचा आणि मग ते घाण्यात घालावयाचे. फुलांचा थर, त्यावर तिळांचा थर, फुले कोमेजली की ताजी फुले, असे अनेक दिवस चालते. तिळातील स्निग्धांश वास ओढून घेतो. उत्तरेत जौनपूर, कनोज येथे 'फुलेल' ह्याच रीतीने होत आले. फ्रान्समधील ग्रास गावच्या कारागिरांनी हेच तत्त्व काचेवर चरबी पसरून वापरले. आपल्याकडे तीळ होता, म्हणून चरबी लागली नाही. तिळाच्या तेलात ते लवकर खवट होऊ न देणारी द्रव्ये निसर्गतःच असतात, ही आणखी एक सोय.

दुसरा मार्ग विस्तवाचा. मोगऱ्याचा वास कढविता येत नाही, तो वाफेबरोबर उडून जातो. परंतु वाळा, नागरमोथा, कचोरा ह्या मुळाकंदांचा वास जड असतो, तो मंद आच सोसतो. शार्ङ्गधराने प्रमाण सांगून ठेवले आहे : एक भाग कल्क, त्याच्या चौपट तेल, तेलाच्या चौपट पाणी अथवा काढा. एवढे पाणी कशाला, असे नवख्यास वाटेल. पाणी आहे तोवर तेल फारसे तापत नाही आणि कल्क करपत नाही. कल्काची बोटांत वळून वात झाली आणि ती विस्तवावर टाकल्यावर तडतडली नाही, म्हणजे पाणी संपले. आता क्षणभर उशीर झाला तर तेल जळते. घाई केली तर राहिलेल्या ओलीने ते पुढे बिघडते. कापूर, केशर मात्र तेल गाळून निवल्यावर. हा तडतडीचा कान ज्या बायांना होता त्यांनी शार्ङ्गधर वाचला नव्हता. त्यांचे नाव कोणत्याही पोथीत नाही.

घरातले तेल बाजाराच्या बाटलीने मारले, असे सर्रास म्हटले जाते. मला हे अर्धेच पटते. फुलांच्या वाटेला घाणा लागतो. घरचे तीळ तेल्याकडे देऊन, समोर बसून गाळून घेण्याची सोय होती तोवर ही वाट खुली होती. लाकडी घाणे गिरण्यांपुढे बंद पडले, आणि मूठभर वासलेले तीळ गिरणी कशाला घेईल? म्हणजे फुलाची वाट बाटलीच्या आधीच बुजत चालली होती. विस्तवाची वाट पातेल्यावर भागत असल्यामुळे मागे टिकली. काही घरांत अजूनही टिकून आहे. बाटलीत मात्र पुष्कळदा तिळाऐवजी खनिज तेल असते. ते खवटत नाही, दुकानदारास परवडते. वास काय, वरून घालता येतो.

ह्या कहाणीत पुण्याचाही एक दुवा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी तेथील एका हस्तलिखितात गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' हे सुगंधविद्येवरील दोन ग्रंथ हुडकले आणि १९४५ च्या सुमारास ते विद्वानांपुढे ठेवले. गंगाधर भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगतो. आपले तीळ फुलांत ठेवणे म्हणजे त्यातले वासन, पातेल्यातले कढविणे म्हणजे पाचन. 'गंधवादा'वर तर मराठी टीका आहे. ज्याला संस्कृत येत नव्हते, पण हात चालवावयाचा होता, अशा कोणासाठी तरी कोणीतरी ती लिहिली असली पाहिजे. हे दोन्ही ग्रंथ बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने त्या मराठी टीकेसह १९८९ साली छापले. गोडे १९६१ सालीच वारले होते.